प्रायव्हसी पॉलिसी सगळ्यात शेवटी लिहा : ग्राहकांच्या माहितीची घडी बसवायचा क्रम

नवीन डेटा कायद्याची बातमी आली की बहुतेक कंपन्यांत एकच धावपळ दिसते. कोणीतरी दुसऱ्या कंपनीची प्रायव्हसी पॉलिसी उतरवून घेतं, नाव बदलतं आणि वेबसाइटच्या तळाशी लिंक लावतं. दुसरं कोणी कुकीचा, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या छोट्या ओळखखुणांना होकार मागणारा, बॅनर बसवतं. मग सगळे हुश्श करतात. काम उलट्या टोकाने सुरू झालंय हे कळतं ते एखाद्या ग्राहकाचा ‘माझी काय काय माहिती तुमच्याकडे आहे?’ असा मेल आल्यावर. त्याचं उत्तर ऑफिसात कोणालाच देता येत नाही.

उतरवलेली पॉलिसी नुसती निरुपयोगी नसते, अंगाशीही येते. ‘खातं बंद केल्यावर ३० दिवसांत माहिती पुसतो’ असं त्यात लिहिलंय आणि पुसणारं कोणीच नाही, तर तुम्ही लेखी खोटं बोललात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था असं न पाळलेलं वचन ग्राहकाची दिशाभूल मानून कारवाई करतं. त्यासाठी वेगळा प्रायव्हसी कायदा मोडावा लागत नाही.

खालच्या क्रमात पॉलिसी आठव्या टप्प्यावर आहे. आधीचे सात टप्पे नीट झाले तर ती एका दुपारी लिहून होते.

## पूर्वतयारी

जबाबदार माणूस एकच नेमा. समिती नको. समितीत प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. हा माणूस वकील असायची गरज नाही, पण त्याला प्रत्येक विभागात जाऊन ‘हे का ठेवलंय?’ असं विचारायची मुभा हवी. त्याच्यासोबत तंत्रज्ञान, विक्री आणि मनुष्यबळ विभागातला एकेक जण द्या.

कुठले कायदे लागू होतात ते लिहून काढा. इथे पहिली चूक होते. लोक कंपनीचा नोंदणीचा पत्ता बघतात. आजचे बहुतेक कायदे ज्याची माहिती आहे तो माणूस कुठे आहे हेही बघतात. युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. युरोपबाहेर बसून तिथल्या लोकांना माल किंवा सेवा देऊ करणाऱ्यालाही तो बांधतो. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हाही भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीपर्यंत पोचतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२० पासून, ब्राझीलचाही २०२० पासून आणि चीनचा नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. ग्राहक कुठल्या कुठल्या देशांत आहेत याची यादी काढली की कायद्यांची यादी आपोआप निघते.

प्रत्येक कायद्यासाठी वेगळी व्यवस्था उभारायला जाऊ नका. गाभा सगळ्यांचा सारखाच आहे : काय घेता ते सांगा, गरजेपुरतं घ्या, जपा, मागितलं तर दाखवा, काम संपलं की पुसा. सगळ्यात कडक नियम धरून एकच व्यवस्था बांधायची आणि जिथे फरक पडतो तिथेच फाटा काढायचा.

महागडं सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. साधी स्प्रेडशीट पुरते. कुठली माहिती कुठे आहे याचा नकाशा (टप्पा १) तयार नसताना घेतलेलं सॉफ्टवेअर म्हणजे रिकामं कपाट.

## टप्पा १ : माहितीचा नकाशा काढा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. पुढचे सगळे टप्पे यावर उभे आहेत, आणि लोक नेमके इथेच अर्ध्या दिवसात उरकतात.

स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने करा : कुठली माहिती, कोणाची, कुठून आली, कशासाठी, कुठे ठेवली आहे, कोण बघू शकतं, बाहेर कोणाला जाते, कधी पुसायची. एका ओळीत एकच काम लिहा. ‘ग्राहकांचा डेटा’ ही ओळ नव्हे. ‘ऑर्डर घरपोच देण्यासाठी नाव, पत्ता, फोन’ ही ओळ, आणि ‘त्याच फोनवर ऑफरचे मेसेज’ ही दुसरी. माहिती तीच असली तरी काम वेगळं आहे, त्यामुळे पुढे तिसऱ्या टप्प्यात त्यांचे नियमही वेगळे होतील.

विभागप्रमुखांना प्रश्नावली पाठवू नका. प्रश्नावलीत व्यवस्था जशी असायला हवी तशी लिहून येते. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, ‘काल सकाळपासून काय काय केलंत ते दाखवा.’ मग दिसतं की ग्राहकांची यादी सीआरएममधून (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) दर सोमवारी एक्सेलमध्ये उतरते, एक्सेल मेलने तिघांना जाते, आणि त्यातला एक जण ती घरच्या लॅपटॉपवर उघडतो. हे कुठल्याच प्रश्नावलीत सापडलं नसतं.

या जागा बहुतेक वेळा सुटतात :

- संगणकांतली डाउनलोड्सची फोल्डर
- व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले ओळखपत्रांचे फोटो
- नोकरीसाठी आलेले आणि नाकारलेले बायोडेटा
- चाचणीच्या सर्व्हरवर टाकलेली खऱ्या ग्राहकांची प्रत
- कॉल रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही, प्रवेशद्वारावरचं नोंदवहीचं पुस्तक
- वेबसाइटच्या फॉर्मचा प्लगइन, जो मेल पाठवतो आणि शिवाय एक प्रत डेटाबेसमध्येही ठेवतो
- सर्व्हरचे लॉग (कोण कधी आलं, काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी)
- सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची मेलपेटी

चाचणीच्या सर्व्हरबद्दल थोडं थांबून सांगतो. मुख्य सर्व्हरला लोक सात कुलपं लावतात आणि त्याचीच हुबेहूब प्रत ‘टेस्टिंग’ नावाने उघड्यावर ठेवतात, कारण तिथे काय, नुसती चाचणीच चालते. आत मात्र खरी नावं, खरे नंबर. चाचणीला बनावट माहिती तयार करून वापरा. तेवढं एक केलं तरी मोठा धोका जातो.

सावधान : नाव काढलं म्हणजे माहिती निनावी झाली, असं नाही. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० मध्ये १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवलं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख एकमेव ठरू शकते. २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने नावांच्या जागी क्रमांक घालून लोकांचे शोधशब्द प्रसिद्ध केले, तेव्हा पत्रकारांनी नुसत्या शोधशब्दांवरून एका महिलेला गाठलं. आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणीला मिळणारा क्रमांक), मोबाइलचा जाहिरात क्रमांक, कुकीचा क्रमांक यांनाही ओळी द्या. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बदलत्या आयपी पत्त्यालासुद्धा, तो माणसाशी जोडायचा कायदेशीर मार्ग असेल तर, वैयक्तिक माहिती ठरवलं आहे.

तपासा : ओळखीच्या एका कर्मचाऱ्याला, त्याच्या परवानगीने, ग्राहक म्हणून नोंदवा. आठवड्याने त्याचं नाव आणि फोन सगळ्या यंत्रणांत शोधा. नकाशात नसलेल्या जागी सापडलं तर नकाशा अपुरा आहे. परत जा.

## टप्पा २ : आधी छाटा, मग कुलूप लावा

नकाशा हाती आला की सगळे सुरक्षेकडे धावतात. थांबा. जे ठेवायचंच नाही त्याला कुलूप कशाला? तुमच्याकडे नसलेली माहिती चोरीला जात नाही, मागणी आली तर शोधावी लागत नाही आणि तिच्यासाठी कोणाची संमतीही लागत नाही.

प्रत्येक ओळीपुढे ‘कशासाठी’ या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. ‘पुढेमागे लागेल’ हे कारण नाही. ‘ॲनालिटिक्ससाठी’ हेही तोवर कारण नाही, जोवर कोणता आकडा, कोण, कधी बघतं हे सांगता येत नाही. वय १८ च्या वर आहे एवढंच कळायला हवं असेल तर जन्मतारीख ठेवू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’ ठेवा. ओळखपत्र एकदा बघून खात्री करायची असेल तर बघितल्याची नोंद ठेवा, स्कॅन नको.

मग पुसायचा क्रम :

१. आधी नळ बंद करा. फॉर्ममधले अनावश्यक रकाने काढा, नाहीतर एकीकडे पुसत राहाल आणि दुसरीकडे भरत राहील.
२. विखुरलेल्या प्रती पुसा : एक्सेल, मेलमधल्या अटॅचमेंट, चाचणीचा सर्व्हर.
३. मग मुख्य यंत्रणेतून पुसा.
४. शेवटी बॅकअपचा विचार करा.

बॅकअपमधून एकेक नोंद उपसून काढणं बहुतेक यंत्रणांत जमत नाही. म्हणून बॅकअप किती दिवसांनी आपोआप मोडीत निघतो ते ठरवा, आणि पुसलेल्या नोंदींच्या नुसत्या क्रमांकांची यादी वेगळी ठेवा. बॅकअप परत चढवायची वेळ आली तर चढवल्या चढवल्या ती यादी पुन्हा चालवायची. ही यादी नसल्याने काय होतं ते मी एका ठिकाणी बघितलंय. सर्व्हर बिघडला, तीन महिन्यांपूर्वीचा बॅकअप चढवला, आणि मधल्या काळात खातं बंद केलेले सगळे ग्राहक जिवंत झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफरचे मेल गेले. फोन कोणी उचलायचे यावर ऑफिसात भांडण झालं ते वेगळंच.

सावधान : डेटाबेसमध्ये ‘डिलीटेड’ अशी खूण केली म्हणजे पुसलं असं होत नाही. ग्राहकाला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. खूण आणि खरं पुसणं यांतलं अंतर दिवसांत ठरवा आणि ते काम आपोआप चालेल असं लावून द्या.

आणि उलट बाजूने : सगळंच पुसू नका. बिलं, पगारपत्रकं, कराची कागदपत्रं अमुक वर्षं ठेवा असं इतर कायदे सांगतात. चालू खटल्याशी संबंधित काही पुसलंत तर तो पुरावा नष्ट करणं होईल. या ओळींपुढे ‘कधी पुसायची’मध्ये मुदत आणि ती कुठल्या कायद्याने आली हे लिहा. मुदत संपेपर्यंत ठेवा, पण विक्रीच्या माणसाला ती दिसायची गरज नाही.

## टप्पा ३ : प्रत्येक कामाचं कायदेशीर कारण ठरवा

उरलेल्या ओळी घ्या. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळ्यासाठी संमती मागणं. संमती मागितली की सुरक्षित, असा समज आहे. पण जिथे ‘नाही’ म्हणायला जागाच नाही तिथे संमतीला अर्थ नसतो. ऑर्डर पोचवायला पत्ता लागतो. तो करार पुरा करण्यासाठी लागतो, संमतीसाठी नाही. पगार द्यायला बँक खातं लागतं. कर्मचाऱ्याकडून त्यासाठी संमतीवर सही घेतली आणि उद्या त्याने ती मागे घेतली, तर पगार थांबवणार का?

जीडीपीआरमध्ये अशी सहा कारणं आहेत आणि संमती हे त्यांतलं एक. भारताच्या कायद्यात यादी आखूड आहे : संमती, किंवा कायद्याने नेमून दिलेले काही वैध उपयोग. त्यामुळे एकाच ओळीचं कारण दोन देशांत वेगळं निघू शकतं. आधी म्हटलेला फाटा काढायचा तो इथे.

### संमती घ्यायचीच असेल तर

आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ या प्रकरणात हे स्पष्ट केलं. नकाराचं बटण होकाराइतकंच सहज सापडलं पाहिजे. एका क्लिकमध्ये कुकी स्वीकारता येतात पण नाकारायला अनेक क्लिक लागतात, एवढ्या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला होता. दिलेली संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं, ही अट जीडीपीआरमध्ये आहे आणि भारताच्या कायद्यातही. भारतात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. भाषांतराचा वेळ आराखड्यात आत्ताच धरा.

संमतीची नोंद ठेवताना नुसतं ‘होय’ ठेवू नका. कोणी, कधी, कुठल्या पानावर आणि मजकुराच्या कुठल्या आवृत्तीला होय म्हटलं, हे सगळं लागतं. मजकूर बदलला की जुनी आवृत्ती जपून ठेवा. दोन वर्षांनी वाद झाला तर ‘तेव्हा तिथे काय लिहिलं होतं?’ हाच प्रश्न येतो.

ग्राहक लहान मुलं असू शकतील तर वयाची रेषा देशागणिक बदलते. भारतात १८. युरोपात साधारण १६, पण सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. अमेरिकेच्या मुलांसाठीच्या केंद्रीय कायद्यात १३. त्याखाली पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते.

तपासा : ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्कचा टॅब लावा आणि तुमची वेबसाइट उघडा. बॅनरला हात लावू नका. बाहेरच्या जाहिरात किंवा ॲनालिटिक्स कंपन्यांकडे विनंत्या जाताना दिसल्या तर बॅनर निव्वळ शोभेचा आहे. मग ‘नकार’ दाबा, पान पुन्हा लोड करा, परत बघा. मी ही तपासणी करायला सांगतो तेव्हा समोरचा ठामपणे म्हणतो की आमच्याकडे सगळं नीट आहे, आणि दहा मिनिटांत त्याचा चेहरा बदलतो. दोष बहुधा टॅग मॅनेजरमध्ये, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांचे कोड (टॅग) वेबसाइटवर चालवणाऱ्या साधनात, असतो : बॅनर एकाने बसवलेला, टॅग दुसऱ्याने, आणि टॅगला बॅनरची वाट बघायला कोणी सांगितलेलंच नाही.

याच तपासणीत आणखी एक जोडा. काही ब्राउझर ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ नावाचा संकेत पाठवतात; माझी माहिती विकू नका, असा त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियात तो मानणं बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने १२ लाख डॉलर भरून जे प्रकरण मिटवलं, त्यातला एक आरोप हा संकेत न मानल्याचाच होता.

जाता जाता, थर्ड-पार्टी कुकीबद्दल, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटखेरीज बाहेरच्या कंपनीने ठेवलेल्या कुकीबद्दल. क्रोममधून त्या काढू असं गूगलने २०२० मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये तो बेत बदलला. ‘मग आता काही करायला नको,’ असा अर्थ अनेकांनी काढला. सफारी त्या २०२० पासून अडवतं, फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात कोंडल्या, आणि आयफोनवर एप्रिल २०२१ पासून ॲपला दुसऱ्या ॲप-साइटवर माग काढायला आधी विचारावं लागतं. उसन्या माहितीवर जाहिरात चालवणाऱ्याचे दिवस क्रोमच्या निर्णयावर अवलंबून राहिलेले नाहीत. ग्राहकाने स्वतःहून, कारण समजून दिलेला मेल पत्ता जास्त टिकाऊ आहे. त्याच्यासाठी ओळ करा.

## टप्पा ४ : बाहेर कोणाकोणाला माहिती जाते

वेंडरची, म्हणजे बाहेरून सेवा पुरवणाऱ्यांची, यादी तंत्रज्ञान विभागाकडून घ्या आणि मग हिशेब विभागात जा. कंपनीच्या कार्डाचं वर्षभराचं स्टेटमेंट मागा. दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या छोट्या वर्गण्यांत तुम्हाला न सांगता घेतलेली साधनं सापडतात : सर्व्हेची, मेल पाठवायची, मीटिंग रेकॉर्ड करायची. फुकटातली साधनं मात्र स्टेटमेंटमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी लोकांनाच विचारावं लागतं.

प्रत्येक वेंडरच्या करारात इतकं तरी शोधा : माहिती तुमच्या सांगण्याबाहेर वापरणार नाही, पुढे कोणाला देणार असेल तर कळवेल, गळती झाली तर किती तासांत सांगेल, आणि करार संपल्यावर पुसून तसं लेखी देईल. ‘तातडीने कळवू’ हे पुरेसं नाही, तासांचा आकडा हवा. सातव्या टप्प्यात तुमचं घड्याळ सुरू होणार आहे, ते त्यांच्या सवडीने चालणार नाही.

माहिती देशाबाहेर जात असेल तर कशाच्या आधारावर, ते लिहा. हा आधार निसटू शकतो. युरोप-अमेरिका यांच्यातली ‘प्रायव्हसी शील्ड’ व्यवस्था १६ जुलै २०२० रोजी न्यायालयाने रद्द केली, नवी व्यवस्था १० जुलै २०२३ ला आली, आणि मधल्या काळात माहिती नेत राहिल्याबद्दल मेटाला (फेसबुकच्या मालक कंपनीला) मे २०२३ मध्ये १२० कोटी युरोंचा दंड झाला. छोट्या कंपनीने यातून एवढंच घ्यायचं : सर्व्हर कुठल्या देशात ठेवायचा हा पर्याय वेंडर देत असेल, तर तो पहिल्याच दिवशी जाणीवपूर्वक निवडा. नंतर हलवणं त्रासाचं असतं.

### एआय साधनं

आज सगळ्यात वेगाने फुटणारी भिंत हीच आहे. तक्रारींचा सारांश हवा म्हणून कोणीतरी ग्राहकांचे मेल नावांसकट चॅटबॉटमध्ये चिकटवतं. बंदी घालून भागत नाही. लोक स्वतःच्या फोनवर तेच करतात आणि तुम्हाला दिसेनासं होतं. एक मंजूर साधन द्या, कंपनीच्या खात्याचं, ज्याच्या करारात तुमच्या मजकुरावर मॉडेल प्रशिक्षित करणार नाही असं लिहिलंय. मग एका पानाचा नियम करा : काय चिकटवायचं नाही. आरोग्याची माहिती, ओळखपत्रं, पासवर्ड, नाव-फोन एकत्र असलेल्या याद्या. एकदा मॉडेलच्या प्रशिक्षणात गेलेली माहिती डेटाबेसच्या ओळीसारखी काढता येत नाही, हे उदाहरणासकट समजावून सांगा; लोकांना ते खरंच माहीत नसतं.

## टप्पा ५ : कुलपं

यावर चांगलं लिखाण भरपूर आहे, म्हणून थोडक्यात. सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण). प्रत्येकाला कामापुरताच प्रवेश. नोकरी सोडणाऱ्याचे सगळे प्रवेश त्याच दिवशी बंद. त्यासाठी पहिल्या टप्प्यातला ‘कोण बघू शकतं’ हा रकाना वापरा. लॅपटॉपच्या डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा. ग्राहकांची यादी कोणी, कधी उतरवली याचा लॉग.

भारताच्या कायद्यात सगळ्यात मोठा, म्हणजे २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल आहे. वेळ कमी असेल तर प्राधान्य कशाला, हे त्यावरून ठरवा.

## टप्पा ६ : ‘माझी माहिती दाखवा’ असा अर्ज आला तर

मुदती वेगवेगळ्या आहेत : जीडीपीआरखाली एक महिना, गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने, कॅलिफोर्नियात ४५ दिवस, वाढवून ९०. मुदत अर्ज तुमच्याकडे पोचल्यापासून मोजली जाते, योग्य विभागाकडे पोचल्यापासून नव्हे. म्हणून फोन उचलणाऱ्या, सोशल मीडिया सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट शिकवा : माणूस कायद्याचं नाव घेणार नाही, तो म्हणेल ‘माझा नंबर तुमच्याकडे कुठून आला?’ आणि हाच अर्ज.

१. पोचल्याची तारीख नोंदवा आणि पोच द्या.
२. ओळख पटवा, पण नवी माहिती न मागता. खात्यात लॉगिन करून मागणी करायला सांगा, किंवा नोंदवलेल्या मेलवर कोड पाठवा. ‘ओळखपत्राचा स्कॅन पाठवा’ हा आळशी मार्ग आहे. माहिती पुसा म्हणणाऱ्याकडून तुम्ही आणखी संवेदनशील माहिती गोळा करता.
३. नकाशातल्या प्रत्येक जागी शोधा.
४. इतरांची माहिती झाका. एका ग्राहकाच्या तक्रारीच्या मेलमध्ये दुसऱ्याचा फोन असू शकतो.
५. द्या, किंवा का देत नाही ते कारणासह लिहा. पुसायची मागणी असेल तर कायद्याने ठेवावी लागणारी बिलं का पुसली नाहीत, तेही सांगा.

तपासा : पहिल्या टप्प्यातल्या कर्मचाऱ्यालाच, कोणाला न सांगता, अर्ज करायला लावा. उत्तर किती दिवसांत आलं आणि काय सुटलं ते बघा.

## टप्पा ७ : गळतीचा दिवस

जीडीपीआरखाली लोकांना धोका असेल अशी गळती कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावी लागते. शनिवार-रविवार त्यातच मोजले जातात. भारताच्या कायद्यात धोक्याची अशी पायरी नाही : नियामक मंडळाला आणि बाधित झालेल्या प्रत्येकाला कळवायचं आहे. न कळवण्याचा दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

गळती म्हणजे फक्त हॅकिंग नव्हे. शंभर ग्राहकांचे पत्ते बीसीसीऐवजी सीसीमध्ये टाकून मेल पाठवला, ही गळतीच. रेल्वेत विसरलेला लॅपटॉपही.

तयारी आधीच करून ठेवायची : निर्णय कोण घेणार आणि तो रजेवर असेल तर कोण, नियामकाच्या अर्जाची लिंक, ग्राहकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा, आणि हे सगळं कागदावर छापलेलं. यंत्रणा बंद पडल्यावर ड्राइव्हमधली फाइल उघडत नाही.

त्या दिवशीचा क्रम असा : गळती थांबवा, वेळ लिहा, पुरावे जपा, मग आवाका मोजा, मग कळवा. पहिल्या घबराटीत सर्व्हर फॉरमॅट करणं ही सगळ्यात महागडी चूक. लॉग गेले की किती लोकांची माहिती गेली हे सिद्ध करता येत नाही, आणि मग सगळ्यांचीच गेली असं धरावं लागतं. सगळी उत्तरं मिळेपर्यंत थांबणं ही दुसरी. जेवढं माहीत आहे तेवढं मुदतीत कळवा, उरलेलं नंतर जोडा; कायद्यात त्याची सोय आहे. आणि नकाशातली जी ओळ तुम्ही दुसऱ्या टप्प्यात छाटलीत, तिची माहिती त्या दिवशी मोजावी लागणार नाही.

## टप्पा ८ : आता पॉलिसी लिहा

नकाशा समोर ठेवा. एकेका ओळीचं एकेक वाक्य करा : ‘ऑर्डर पोचवण्यासाठी आम्ही तुमचं नाव, पत्ता आणि फोन घेतो, कुरिअर कंपनीला देतो आणि हिशेबाच्या कायद्याची मुदत संपल्यावर पुसतो.’ बस. ‘आम्ही तुमच्या खासगीयतेचा मनापासून आदर करतो’ हे वाक्य काढून टाका, त्याला नकाशात ओळ नाही. ‘तुमची माहिती आमच्या भागीदारांना देऊ शकतो’ हेही काढा : कोण भागीदार? देता की देत नाही?

वर तारीख आणि आवृत्ती क्रमांक घाला. संपर्कासाठी दिलेला मेल पत्ता खरंच कोणी उघडतं का, हे त्यावर एक मेल टाकून बघा.

तपासा : दोन्ही बाजूंनी जुळवा. पॉलिसीतल्या प्रत्येक वाक्याला नकाशात ओळ सापडली पाहिजे, आणि प्रत्येक ओळीला पॉलिसीत वाक्य. जे वाक्य लिहायला लाज वाटते ती ओळ बहुधा दुसऱ्या टप्प्यात छाटायची राहिली आहे. परत जाऊन छाटा, वाक्य मऊ करत बसू नका.

## नकाशा शिळा होऊ देऊ नका

वर्षातून एकदा सगळं तपासू, असं म्हणणाऱ्यांचा नकाशा सहा महिन्यांत खोटा पडतो. त्याऐवजी तो कामाच्या वाटेतच अडवा : नवा फॉर्म, नवा वेंडर, नवं ॲप फीचर किंवा नवं एआय साधन, यांपैकी काहीही सुरू होण्याआधी नकाशात ओळ हवी. खरेदीच्या मंजुरीच्या अर्जावर ‘नकाशातला ओळ क्रमांक’ असा एक रकाना छापून घ्या. तो रिकामा असेल तर हिशेब विभागाने पैसे सोडायचे नाहीत. विक्रीवाले पहिले दोन महिने कुरकुरतात, तिसऱ्या महिन्यात स्वतःच ओळ भरून आणतात.